मशीनने बोट नेलं, हक्क मात्र शाबूत आहे: जखमी कामगार आणि त्याच्या घरच्यांनी काय करावं

भोसरी, चाकण, वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, भिवंडी-मालेगावच्या लूमवर, कुर्ल्याच्या फर्निचर कारखान्यात किंवा एखाद्या बेकरीत आपल्या समाजातले हजारो तरुण रोज मशीनवर उभे राहतात. आपल्या मोहल्ल्यात नजर फिरवली तर एक-दोन बोटं नसलेला हात कुठेतरी दिसतोच. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "नशिबात होतं. शेठने दवाखान्याचा खर्च केला, वर दहा-वीस हजार दिले. चांगला माणूस आहे."

शेठ चांगला असेलही, आमचा त्याच्याशी काही वाद नाही. पण कामावर बोट गेल्यावर मिळणारा पैसा ही खैरात नाही, तो कायद्याने ठरलेला हक्क आहे. तर्जनी गेली तर किती, अंगठा गेला तर किती, हे लिहून ठेवलेलं आहे. सब्र करणं वेगळं आणि हक्क सोडून देणं वेगळं. बहुतेक घरांत हा हक्क बुडतो तो कोर्टात हरल्यामुळे नाही. अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत योग्य कागद न झाल्यामुळे तो बुडतो. म्हणून हा विषय आज आपण सविस्तर समजून घेऊ.

बोटं जातात कशी?

सगळ्यात बदनाम मशीन म्हणजे पॉवर प्रेस. पत्रा डायवर ठेवायचा, पायडल मारायचं, वरून रॅम येतो आणि पत्रा कापला किंवा वाकवला जातो. जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. क्लच एकदा लागला की रॅम पूर्ण खाली येऊनच थांबतो, मध्येच अडवता येत नाही. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली असेल तर पायडल न मारताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला 'डबल मारलं' म्हणतात. त्याच क्षणी हात तयार माल काढायला आत गेलेला असतो.

यावर उपाय जुने आणि माहितीचे आहेत. दोन्ही हातांनी एकदम बटण दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस, हात आत असेल तर मशीन थांबवणारा सेन्सर, डायभोवती जाळी, पत्रा ठेवायला चिमटा किंवा मॅग्नेट, आणि क्लचची वेळच्या वेळी तपासणी. पण सेन्सरमुळे नग कमी निघतात म्हणून तो बंद ठेवला जातो. दोन बटणांपैकी एक बांधून ठेवलं जातं. वर बारा तासांची पाळी आणि नगाचं टार्गेट. अशा ठिकाणी बोट गेलं की 'कामगाराचं लक्ष नव्हतं' असं म्हणून मोकळं होता येत नाही.

गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाने अहवाल काढते. त्यातही बोटं तुटण्याचं मोठं कारण म्हणून पॉवर प्रेसच पुढे येते. पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात माल तोच बनतो आणि मशीनही तेच असतं.

प्रेसशिवायही धोके आहेत. लूमचे गिअर आणि पट्टे, लाकूड कापायची गोल करवत, कागद कापायचं कटिंग मशीन, प्लास्टिक मोल्डिंग, बेकरीतलं पीठ मळायचं मशीन, खिम्याचं मशीन, रसवंतीचा चरक. फिरणारे आणि दाबणारे भाग झाकून ठेवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला अशा धोकादायक मशीनवर उभं करणं तर सरळ गुन्ह्यात मोडतं, मग तो 'भाच्याला काम शिकवतोय' या नावाखाली का असेना.

पहिला तास: हात वाचवायचा कसा?

मशीन आधी बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. जखमेवर हळद, कॉफी, चुना, ग्रीस असलं काहीही लावू नका.

बोट तुटून वेगळं पडलं असेल तर ते टाकू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. त्याने मांस गोठून खराब होतं आणि जोडता येत नाही. जखमीसोबत ते बोटही प्लास्टिक सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जितक्या लवकर पोचेल तितकं चांगलं. पार चेचलेलं बोट बऱ्याचदा जोडता येत नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या, सुपरवायझरला नाही.

पहिला दिवस: हॉस्पिटलच्या कागदावर काय लिहिलं जातंय?

हॉस्पिटलात डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" त्या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस पुढे होऊन सांगतो, "घरी दरवाजात सापडलं" किंवा "बाईकच्या चेनमध्ये गेलं." कानात म्हणतो, "पोलिसांचं लफडं नको, खर्च आपण करतोय ना." एकदा केसपेपरवर 'घरी' असं लिहिलं गेलं की ते काम करताना झालं हे नंतर सिद्ध करायला फार त्रास होतो.

म्हणून घरच्या एकाने तातडीने हॉस्पिटल गाठावं आणि केसपेपरवर खरं तेच लिहून घ्यावं: कोणत्या कारखान्यात, कोणत्या मशीनवर, किती वाजता. अशा जखमेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, म्हणजे एमएलसी म्हणून व्हायला हवी, तसं डॉक्टरांना सांगा. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद ठेकेदाराच्या हातात देऊ नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा वाचता न येणाऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. डाव्या हाताने घाईत केलेली सही 'राजीनामा' किंवा 'माझी काही तक्रार नाही' या रूपात पुढे येते.

कुठला कायदा लागू होतो?

कामगारासाठी दोन रस्ते आहेत. एक ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा (कायदा १९४८ चा). दुसरा कामगार नुकसानभरपाई (कायदा १९२३ चा). २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या दोन्हींची व्यवस्था त्या संहितेत आणली गेली. कार्यालयांत आणि वकिलांच्या तोंडी अजून जुनीच नावं असल्याने आम्हीही इथे तीच वापरतो.

एकाच जखमेसाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. ईएसआय लागू असेल तर ईएसआयकडून, नसेल तर मालकाकडून भरपाई. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: आपल्या माणसाला ईएसआय लागू आहे का?

ईएसआय असेल तर

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआय विमा असायलाच हवा. तो ठेकेदाराकडून आलेला असला तरी. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० पगाराला कामगाराच्या खिशातून महिन्याला साधारण ११३ रुपये जातात. त्या बदल्यात जखमी झाल्यावर मिळतं ते असं:

पहिलं, ईएसआय दवाखान्यात किंवा त्यांनी पाठवलेल्या हॉस्पिटलात मोफत उपचार.

दुसरं, जखम बरी होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम. कामावरच्या जखमेसाठी 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे.

तिसरं, आणि हेच सगळ्यात जास्त बुडतं: कायमच्या अपंगत्वाची पेन्शन. उपचार संपल्यावर मेडिकल बोर्ड हात तपासून कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं. त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. उदाहरण घेऊ. रोजचा सरासरी पगार ५०० रुपये असेल तर त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये. तर्जनी पूर्ण गेली, १४ टक्के नुकसान धरलं, तर रोजचे ६३ रुपये, महिन्याला सुमारे १,८९० रुपये. ही रक्कम लहान वाटेल, पण पंचविशीतल्या मुलाला ती पुढची अनेक वर्षं मिळत राहते. तो पुन्हा कामाला लागला, दुसऱ्या कंपनीत गेला, तरी ती थांबत नाही.

बोर्डासमोर कोणी आपोआप बोलावेल म्हणून वाट पाहू नका. टाके निघाले, फिटनेस मिळाला, की ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन बोर्डासाठी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. टक्के कमी लावले असं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं.

यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवायला हवा. तो पाठवत नसेल तर कामगाराने स्वतः शाखा कार्यालयात लेखी कळवावं. ईएसआयचा टोल-फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे.

इथे एक चलाखी होते. वर्ष-दोन वर्षं काम करणाऱ्याचं ईएसआय कार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशी निघतं आणि त्यावर नोकरी लागल्याची तारीख नवीच असते. असं झालं तर कार्डावरची तारीख तपासा आणि आपण खरोखर कधीपासून काम करतोय त्याचे पुरावे ईएसआयला द्या. मालकाने नोंद केली नाही किंवा वर्गणी भरली नाही, तेवढ्यावरून कामगाराचा हक्क जात नाही. ईएसआय कामगाराला लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करू शकतं. उपचार चालू असताना आणि अपंगत्वाचा लाभ मिळत असताना कामगाराला कामावरून काढणंही बेकायदेशीर आहे.

ईएसआय नसेल तर

चार लूमचा शेड, पाच माणसांचं वर्कशॉप, सहा जणांची बेकरी. इथे ईएसआय नसतो, म्हणून लोक समजतात की काहीच नाही. हा गैरसमज आहे. विजेवर मशीन चालवून माल बनवला जातो अशा जागेत काम करणाऱ्याला नुकसानभरपाई कायदा लागू होतो, माणसं कितीही असोत. मालकाची चूक होती हे सिद्ध करायचीही गरज नाही. काम करताना, कामामुळे जखम झाली, एवढं पुरेसं आहे.

मालक बहुतेक वेळा तीन गोष्टी पुढे करतो: नशेत होता, मुद्दाम नियम मोडला, मुद्दाम गार्ड काढला. हे त्याला सिद्ध करावं लागतं. थकवा, घाई किंवा क्षणभर लक्ष चुकणं यात बसत नाही. सुपरवायझरनेच सेन्सर बंद ठेवायला लावला असेल तर तो कामगाराचा दोष नाही.

रक्कम ठरते तीन गोष्टींवर: पगार, वय आणि कोणता भाग गेला. कायद्याच्या यादीतले काही टक्के असे:

– अंगठा पूर्ण: ३० टक्के. अंगठ्याचं वरचं पेर: २० टक्के.
– तर्जनी पूर्ण: १४. दोन पेरं: ११. एक पेर: ९.
– मधलं बोट पूर्ण: १२. दोन पेरं: ९. एक पेर: ७.
– अनामिका किंवा करंगळी पूर्ण: ७. दोन पेरं: ६. एक पेर: ५.
– एका हाताची दोन बोटं: २०. तीन बोटं: ३०. चार बोटं: ५०.
– पूर्ण पंजा: ६० टक्के.

नुसतं टोक गेलं, हाड शाबूत राहिलं, तरी यादीत त्याचे टक्के आहेत. बोट जागेवर आहे पण वाकत नाही, पकड गेली, अशा जखमांसाठी डॉक्टर टक्के ठरवतात.

आता हिशेब. पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा आकडा, आणि त्यातले जखमेचे टक्के. पगार १५,००० पेक्षा जास्त असला तरी २०२० पासून हिशेबात १५,००० च धरले जातात. वय ३० असेल तर वयाचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, झाले १८,७१,८२०. तर्जनी पूर्ण गेली तर त्याचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार रुपये. आता ते 'वर दहा-वीस हजार' याच्या शेजारी ठेवून बघा.

याशिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. कामावर जाता येत नाही त्या काळात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कमही. भरपाई देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागतं. कारण नसताना टाळाटाळ केली तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

ठेकेदार गायब झाला तरी घाबरू नका. ज्या मालकाच्या धंद्यासाठी ठेकेदाराने काम करवून घेतलं, त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालक मग ठेकेदाराकडून वसूल करो.

आपसात मिटवायचं असेल तर

समाजातली चार माणसं मध्ये बसून प्रकरण मिटवतात. त्यात गैर काही नाही. कोर्टाची वर्षं वाचतात, संबंधही टिकतात. पण बैठकीआधी वरचा हिशेब कागदावर मांडा. मध्यस्थी करणाऱ्यांनी 'किती देतोस?' इथून सुरुवात न करता 'कायद्याने किती बसतात?' इथून करावी. ठरलेली रक्कम बँकेतून घ्या आणि करारनामा सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्या. नोंद न झालेल्या समझोत्याने मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी संपत नाही. कामगाराने 'हक्क सोडतो' असं लिहून दिलं असेल तर तेही कायद्यापुढे टिकत नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी माहीत करून घ्यावी. आपल्यातले अनेक जण स्वतः लहान कारखानदार आहेत. त्यांनी कामगारांचा विमा उतरवला असेल तर एका अपघाताने त्यांचाही धंदा बसत नाही.

दावा कुठे, कधी आणि कशाच्या आधारावर?

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. महाराष्ट्रात हे दावे आतापर्यंत प्रामुख्याने कामगार न्यायालयांत चालत आले आहेत. नव्या संहितेखाली आपल्या जिल्ह्यात कुठे अर्ज द्यायचा ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. अपघात जिथे झाला तिथेच दावा करावा लागतो असं नाही, कामगार राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या आणि जखम झाल्यावर गावी परतलेल्या भावांना हे जरूर सांगा. मशीनला गार्ड नाही, सेन्सर बंद आहे, अशी तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.

'माझ्याकडे अपॉइंटमेंट लेटरच नाही' ही सगळ्यांची अडचण असते. पण पुरावा फक्त लेटरचाच असतो असं नाही. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, यूपीआयने आलेले पैसे, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, युनिफॉर्ममधला मशीनजवळचा फोटो, सोबतच्या कामगारांचे जबाब, हे सगळं चालतं. सोबती लवकर पांगतात, म्हणून त्यांची नावं आणि नंबर पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा.

घरच्यांनी आजच करायची कामं

उजव्या हाताची बोटं गेली की शर्टाचं बटण लावण्यापासून वुजू करण्यापर्यंत सगळं नव्याने शिकावं लागतं. त्यात घरात कमावणारा तोच असेल तर बायको, अम्मी, लहान भाऊ सगळेच त्या एका अपघातात सापडतात. म्हणून ही माहिती फक्त कामावर जाणाऱ्याला असून भागत नाही, घरच्या बायकांनाही हवी. हॉस्पिटलात धावपळ त्याच करणार असतात.

आपल्या घरातला जो कोणी मशीनवर जातो त्याला आज रात्री एवढं विचारा. कारखान्याचं पूर्ण नाव आणि पत्ता काय? मालक आणि ठेकेदार कोण? ईएसआयचा विमा नंबर आहे का, आणि कार्डावर तारीख कोणती? पगाराची चिठ्ठी किंवा गेटपास आहे का? उत्तरं एका कागदावर लिहा आणि कार्डाचा, गेटपासचा फोटो बायकोच्या किंवा भावाच्या फोनमध्येही ठेवा. कार्ड नसेल आणि कारखान्यात दहाहून जास्त माणसं असतील, तर ते का नाही, हे उद्या चार सोबत्यांना घेऊन ऑफिसात विचारा. एकट्याने विचारलं तर मालक ऐकत नाही, चौघांनी मिळून विचारलं तर बऱ्याचदा कार्ड निघतं.